पैशाचं सोंग आणता येत नाही

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो: मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज चालवतो. त्याआधी बरीच वर्षं दोन गाड्यांच्या एका छोट्या रेसिंग टीमचा मेकॅनिक म्हणून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर राबलो. या महिन्यात आलेल्या पत्रांत चार पत्रं एकाच दुखण्याची, शर्यतीतल्या तुटपुंज्या पैशाची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली.

प्रश्न : काका, मी सांगलीजवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या फॉर्म्युला स्टुडंट टीमची, म्हणजे स्वतः रेसिंग गाडी बांधून कॉलेजांच्या स्पर्धेत उतरवणाऱ्या मुलांच्या टीमची कॅप्टन आहे. आम्ही 22 जण आहोत. गाडीचा आणि कोइम्बतूरला जाण्याचा खर्च 14 लाख धरला होता, जमलेत 6 लाख. गेल्या वर्षी तपासणीत ब्रेक टेस्टलाच अडकलो, ट्रॅकवर उतरलोच नाही, त्यामुळे प्रायोजक दारात उभं करत नाहीत. सर म्हणतात, यंदा माघार घ्या. मुलं म्हणतात, घरून पैसे घालू. पैसा नसलेल्या टीमनं शर्यतीत उतरण्यात काही अर्थ असतो का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मला फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर लुका बडोएर आठवला.

26 सप्टेंबर 1999, जर्मनीतला न्युर्बुर्गरिंगचा ट्रॅक. बडोएर मिनार्डीकडून चालवत होता. मिनार्डी ही इटलीतल्या फाएन्झा या गावची टीम. चिनी मातीच्या भांड्यांसाठी ओळखलं जाणारं ते गाव, आणि तिथून जानकार्लो मिनार्डी नावाच्या माणसानं 1985 पासून फॉर्म्युला वनमध्ये टीम उतरवली होती. पैसा कायम तुटपुंजा, शर्यत सुटतानाच्या रांगेत जागा बहुतेक वेळा मागे. त्या दिवशी पाऊस येत-जात राहिला, पुढच्या गाड्या एकेक करून गळाल्या आणि बडोएर चौथ्या जागेवर आला. 66 पैकी 53 फेऱ्या झाल्या होत्या. तेरा फेऱ्या काढल्या असत्या तर 3 गुण मिळाले असते. तिथं गिअरबॉक्स गेला. त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला आणि गाडीपाशीच वाकून रडला. मी ते टीव्हीवर पाहिलं. आमच्या गॅरेजमध्ये सहा-सात जण होतो, कुणी काही बोललं नाही. बडोएरला पूर्ण कारकिर्दीत फॉर्म्युला वनचा एकही गुण मिळाला नाही.

पण त्याच शर्यतीत दुसरी मिनार्डी, मार्क जेनेची, सहावी आली. एक गुण मिळाला, 1995 नंतर पहिल्यांदाच. आता हे बघ: त्याच वर्षी तंबाखू कंपनीच्या पैशावर बीएआर नावाची नवी टीम उतरली होती, जाक व्हिलनव्हसारखा विश्वविजेता घेऊन. पूर्ण हंगामात त्यांचा एकही गुण नाही. तक्त्यात मिनार्डी दहावी, बीएआर अकरावी. 2002 मध्येही तसंच झालं. टोयोटासारखी बलाढ्य कंपनी त्या वर्षी उतरली, आणि वर्षअखेर दोघांचे गुण सारखे, दोन-दोन. पण मेलबर्नला मार्क वेबरनं मिनार्डी पाचवी आणली होती आणि टोयोटा सहाव्याच्या वर कधी आली नव्हती, म्हणून मिनार्डी वर राहिली. वेबरची ती पहिलीच शर्यत. सुरुवातीच्या वळणावर आठ गाड्या बाद झाल्या, त्या गर्दीतून त्याची गाडी सलामत निघाली आणि शेवटपर्यंत चालत राहिली.

चालत राहिली, हे महत्त्वाचं. पैसा कमी पडला की नेमकं काय कमी पडतं, असं विचारलं की लोक इंजिनाची ताकद सांगतात. ती कमी पडतेच. पण त्याच्या आधी किलोमीटर कमी पडतात. श्रीमंत टीमची गाडी शर्यतीला येते तेव्हा जे मोडायचं ते आधीच कुठल्यातरी रिकाम्या ट्रॅकवर मोडून झालेलं असतं. गरीब टीमची गाडी पहिल्यांदा मोडते ती सगळ्या जगासमोर. आपला फॉर्म्युला वन ड्रायव्हर करुण चंधोक, त्याचं 2010 मध्ये बहरीनला काय झालं आठव. हिस्पानिया ही नवी स्पॅनिश टीम, ऐन वेळी मालक बदललेला, गाडी पिटमध्येच, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेतच जोडली जात होती. सरावाच्या तिन्ही सत्रांत करुणला गाडी मिळालीच नाही. ती त्यानं पहिल्यांदा चालवली ती थेट पात्रता फेरीत. रविवारी दुसऱ्या फेरीत गाडी उंचवट्यावर आपटली आणि खेळ संपला. लोक हसले. मला राग आला होता, आजही येतो, कारण ज्यानं कधी रात्रभर जागून सकाळी गाडी उभी केली आहे तो त्यावर हसणार नाही. दोनच आठवड्यांनी मेलबर्नला हाच पोरगा पाच फेऱ्या मागे राहून का होईना, गाडी शेवटपर्यंत घेऊन आला, चौदावा.

म्हणून तुझ्या 6 लाखांत पहिली खरेदी किलोमीटरची. दिवाळीपर्यंत गाडी स्वतःच्या चाकावर फिरली पाहिजे, कशीही दिसो. विंग, कार्बन, डिस्प्लेचं स्टिअरिंग, हे सगळं यंदा कागदावरच ठेव. स्टीलच्या नळ्यांचा साधा सांगाडा, बाइकचं एक धडकं इंजिन, आणि कॉलेजच्या पटांगणावर शंकू मांडून रोज फेऱ्या. तुमच्या स्पर्धेतली एंड्युरन्सची, म्हणजे दमाची शर्यत साधारण 22 किलोमीटरची असते आणि सगळ्यांत जास्त गुण तिलाच. तिथं निम्म्यात ड्रायव्हर बदलतो, इंजिन बंद करावं लागतं आणि तापलेलं इंजिन परत सुरू करावं लागतं. कित्येक चांगल्या गाड्या तिथं मुक्या होतात. तर तुम्ही सरावातच वीस मिनिटं पळवून, बंद करून, तीन मिनिटं थांबून परत स्टार्टर मारायचा. पन्नास वेळा मारा. ब्रेक टेस्टला चारही चाकं एकदम जाम व्हावी लागतात. त्यासाठी ब्रेकमधली हवा नीट काढणं आणि पुढच्या-मागच्या चाकांवरचा जोर वाटून घेणं यापलीकडे पैसा लागत नाही, वेळ लागतो. गेल्या वर्षी तुम्ही तपासणीच्या आदल्या रात्री हवा काढत बसला होतात की नाही, खरं सांग.

प्रायोजकांचं. रोख मागू नको. कुपवाडच्या एमआयडीसीत जा आणि काम माग. कुणाकडे लेझर कटिंग आहे, कुणाकडे सीएनसी आहे, कुणाकडे पावडर कोटिंगची भट्टी आहे. आपल्याकडचा कारखानदार 50 हजारांचा चेक देताना दहा वेळा विचार करतो, पण रविवारी मशीन मोकळं असेल तर चार तास देतो, आणि स्वतः मशीनपाशी उभा राहून तुमच्या ड्रॉइंगमधली चूकही दाखवतो. तेवढी शिकवणी कॉलेजात मिळत नाही. आणि कुणी नुसता शब्द दिला तर त्याचं स्टिकर पैसे हातात येईपर्यंत गाडीला लावू नको. आमच्या टीमनं एका प्रायोजकाचं नाव अख्खा हंगाम गाडीवर मिरवलं. पैसे आलेच नाहीत. टायरवाल्याची उधारी मात्र आमच्या डोक्यावर राहिली.

आता ज्या गोष्टीत काटकसर चालत नाही ती सांगतो, आणि हे नीट ऐक. एका हंगामात शेवटच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी पुढचं उजवं चाक जॅकवर घेतलं. एक हात वर, एक हात खाली, आणि चाक हलवलं. टक. पुन्हा हलवलं, पुन्हा टक. बेअरिंगमध्ये किंचित खेळ होता, डोळ्याला न दिसणारा, हाताला कळणारा. नवं बेअरिंग आमच्याकडे नव्हतं. चेन्नई शहरात जाऊन आणायला टेम्पोच्या डिझेलचे पैसेसुद्धा त्या दिवशी मोजून होते. मी ग्रीस भरलं, नट आवळला आणि मनाला सांगितलं, एक शर्यत काढेल. सहाव्या फेरीत आमच्या ड्रायव्हर पोराला स्टिअरिंगमध्ये थरथर जाणवली. त्यानं शहाणपणानं गाडी आत आणली. चाक काढलं तर बेअरिंगच्या गोळ्या निळ्या पडल्या होत्या, पिंजरा फुटला होता. आणखी एक-दोन फेऱ्या झाल्या असत्या तर चाक निखळलं असतं, सरळ रस्त्यावर, पूर्ण वेगात. चूक माझी होती, गरिबीची नव्हे. पैसे नसतील तर गाडी उभी ठेवायची, हे त्या संध्याकाळी मला कळायला हवं होतं.

तर ब्रेक, बेअरिंग, सीट बेल्ट, अग्निरोधक सूट, स्टिअरिंगचे सांधे: यांची यादी कर आणि 6 लाखांतून हे पैसे आधी बाजूला काढ. ते काढून, सराव करण्याइतकं पेट्रोल आणि टायर उरत असतील तर उतर, सरांना माझं हे उत्तर दाखव. उरत नसतील तर यंदा गाडी बांधा, पटांगणावर पळवा आणि पुढच्या जानेवारीच्या स्पर्धेची तयारी करा. मुलांना घरून पैसे आणायला लावू नको. बावीस जणांत दोघं-तिघं असे असतील ज्यांना नाही म्हणता येणार नाही आणि आणताही येणार नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, चार वर्षं कार्टिंग (छोट्या रेसिंग गाड्यांच्या शर्यती) करतो, बक्षिसं आहेत. दक्षिणेतल्या एका छोट्या टीमनं पुढच्या वर्षासाठी फॉर्म्युला गाडीची सीट देऊ केली आहे, पण पैसे आम्ही भरायचे. नातेवाईक म्हणतात, ही तर विकत घेतलेली जागा. मनाला लागतं. दुसरं, रक्कम मोठी आहे, गावाकडचा जमिनीचा तुकडा विकावा लागेल. (एक वडील, नाशिक)

उत्तर : नातेवाइकांचं मनावर घेऊ नका. निकी लाउदानं सुरुवातीला बँकेचं कर्ज काढून सीट घेतली होती, तारण म्हणून स्वतःचा आयुर्विमा ठेवला होता. पुढं तो तीनदा विश्वविजेता झाला. मायकेल शूमाकर 1991 मध्ये बेल्जियमला जॉर्डनच्या गाडीत पहिल्यांदा बसला तेव्हा त्या जागेचे पैसे मर्सिडीजनं भरले होते. छोट्या टीमला तेव्हाही ड्रायव्हरच्या पैशाशिवाय चालत नव्हतं, आजही खालच्या गटांत चालत नाही. त्यात लाज नाही. पैसे भरले म्हणून वेळ कमी लागत नाही, घड्याळ सगळ्यांना सारखंच असतं.

पण जमीन विकू नका, भाऊ. हे मी सल्ला म्हणून नाही, विनंती म्हणून लिहितो. वर ज्या मुलाच्या बेअरिंगची गोष्ट सांगितली, त्याच्या वडिलांनी प्लॉट विकला होता. मुलगा गुणी होता. दोन हंगाम झाले, तिसऱ्याचे पैसे उभे राहिले नाहीत. आज तो पुण्यात गाड्यांच्या चाचणी विभागात चांगल्या नोकरीवर आहे, आनंदात आहे. पण प्लॉटचा विषय निघाला की अजून मान खाली घालतो. एका मुलाच्या खांद्यावर तेवढं ओझं ठेवून त्याला वळणावर उशिरा ब्रेक मारायला सांगायचं नसतं.

टीमशी बोलताना एकूण रकमेवर घासाघीस करण्याआधी हे विचारा: त्यात टायरचे किती सेट येतात, नवे की वापरलेले, शर्यतींव्यतिरिक्त सरावाचे दिवस किती, अपघात झाला तर नुकसान कुणाचं, आणि त्याला कमाल मर्यादा आहे का, इंजिन किती तासांनी खोललं जातं. सगळं लेखी घ्या. मग एकदा न सांगता त्यांच्या वर्कशॉपला जा. जमीन पुसलेली आहे का बघा, हत्यारं जागेवर आहेत का बघा, आणि चहाच्या टपरीवर मेकॅनिक पोरांना सहज विचारा, पगार वेळेवर होतो का. जिथं मेकॅनिकचा तीन महिन्यांचा पगार थकलाय तिथं तुमच्या मुलाच्या गाडीचा नट कोण मन लावून आवळणार?

प्रश्न : शेवटच्या टीमला बक्षिसाचा पैसाच मिळत नाही म्हणे. मग ती वर येणार तरी कशी? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मॅनर या फॉर्म्युला वन टीमचं उदाहरण घ्या, म्हणजे हा नियम किती निर्दय होता ते कळेल. 2016 चा हंगाम, अकरा टीम, आणि मोठ्या बक्षिसाचा वाटा पहिल्या दहांना. मॅनरकडे ऑस्ट्रियात पास्कल वेरलाइननं मिळवलेला एकुलता एक गुण होता आणि त्या जोरावर ते दहावे होते. शेवटून दुसरी शर्यत ब्राझीलला, धो धो पावसात. साउबर टीमचा फेलिपे नासर आपल्या घरच्या ट्रॅकवर नववा आला, दोन गुण घेतले, आणि मॅनर अकरावी झाली. एका दुपारीत कोट्यवधी डॉलर हातचे गेले. जानेवारी 2017 मध्ये टीम बंद पडली, दोनशेवर माणसं घरी बसली. गाडी त्या वर्षी वाईट नव्हती. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, ते असं.

त्याच्या आधी 2014 मध्ये केटरहॅम या दुसऱ्या टीमनं चाहत्यांकडून वर्गणी काढून अबू धाबीची शर्यत केली होती. लोकांनी 19 लाख पौंडांच्या वर दिले. देणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण वर्गणीत एक शर्यत होते, गाडा पुढे चालत नाही, आणि झालंही तसंच.

2021 पासून फॉर्म्युला वनच्या टीमांच्या खर्चावर मर्यादा आली, पहिल्या वर्षी साडेचौदा कोटी डॉलरची. ती आधी यायला हवी होती. हिस्पानिया, केटरहॅम, मॅनर, तिघींची गाडी त्या दिवसापर्यंत पोहोचली नाही.

प्रश्न : माझा मुलगा 2001 मध्ये रात्री जागून मिनार्डीच्या काळ्या गाड्या बघायचा. तेव्हा त्याला नेहमी हरणाऱ्यांचं एवढं काय कौतुक, हे मला कळत नसे. आता तो परदेशी आहे. ती टीम पुढं कुठं गेली? (एक निवृत्त शिक्षिका, म्हापसा)

उत्तर : बाई, तुमच्या मुलाची नजर चांगली होती. त्या वर्षी हंगामाला जेमतेम महिनाभर उरला असताना पॉल स्टॉडर्ट या ऑस्ट्रेलियन विमान-व्यावसायिकानं बुडत चाललेली मिनार्डी विकत घेतली आणि घाईघाईत गाड्या उभ्या केल्या. त्यातल्या एका गाडीत 19 वर्षांचा एक स्पॅनिश मुलगा होता. पूर्ण वर्षात त्याला एकही गुण मिळाला नाही, पण गाडी तिच्या लायकीच्या बरीच पुढं नेत राहिला. तो फर्नांडो अलोन्सो. 2005 आणि 2006 चा विश्वविजेता. फिसिकेला, ट्रुली, वेबर हे ड्रायव्हरही फॉर्म्युला वनमध्ये पहिल्यांदा फाएन्झाच्याच गाडीत बसले. मर्सिडीजच्या विजयी गाड्या आखणारे आल्दो कोस्ता यांनी फॉर्म्युला वनमधली सुरुवात मिनार्डीतच केली.

एकवीस हंगामांत मिनार्डीला मिळाले 38 गुण. एकही विजय नाही, पहिल्या तिघांत एकदाही नाही. आघाडीवर फक्त एक फेरी, 1989 मध्ये पोर्तुगालला, पिएरलुइजी मार्तिनीनं काढलेली. शेवटचे गुण 2005 मध्ये इंडियानापोलिसला मिळाले. टायरच्या वादातून बाकीच्यांनी माघार घेतली आणि सहाच गाड्या धावल्या. पाचवी आणि सहावी मिनार्डी, आणि त्यांच्या पुढं चौथा आला तो आपला नारायण कार्तिकेयन.

त्या वर्षाच्या अखेरीस एनर्जी ड्रिंकवाल्या रेड बुलनं टीम विकत घेतली, नाव बदलून टोरो रोसो केलं. कारखाना फाएन्झाहून हलवला नाही, आणि जुनी बरीच माणसंही तिथंच कामाला राहिली. 14 सप्टेंबर 2008, मॉन्झा, पुन्हा पाऊस. 21 वर्षांचा सेबास्टियन फेटल टोरो रोसो घेऊन सगळ्यांत पुढून सुटला आणि शर्यत जिंकला. तोवर खुद्द रेड बुलच्या मोठ्या टीमनं एकही शर्यत जिंकली नव्हती. पैसा आला होता, फेरारीचं इंजिन होतं, गाडीचा आराखडाही रेड बुलच्याच मोठ्या कंपनीतून आला होता, हे सगळं खरं. पण ती गाडी जोडली गेली ती फाएन्झात. मुलाचा फोन आला की त्याला ही शर्यत आठवते का विचारा. पिटच्या भिंतीवर चढून ओरडणाऱ्या त्या मेकॅनिकांपैकी काहींनी न्युर्बुर्गरिंगला बडोएरची गाडी परत आणली असेल, असं मला ती पाहताना सारखं वाटत होतं.